'फायलिंग' : एका शब्दाचे दोन अर्थ आणि नूर इनायत खान हिची चरित्रे

महाराष्ट्रात देवळाली या नावाची दोन गावे प्रसिद्ध आहेत. एक नाशिकजवळची, लष्करी छावणीची. दुसरी पूर्वीच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा. दुसऱ्या नावातील 'प्रवरा' हे पद नदीचे आहे. ते शोभेसाठी जोडलेले नसून व्यावर्तक आहे. पत्त्यात ते गाळले तर पत्र नाशिकच्या वाटेला लागण्याचा संभव. छावणीच्या देवळालीने तर इंग्रजी भाषेला एक शब्दही दिला. मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथे खोळंबलेले गोरे शिपाई उष्म्याने आणि कंटाळ्याने भ्रमिष्टासारखे वागू लागत, त्यावरून 'डूलॅली टॅप' असा प्रयोग त्यांच्यात रूढ झाला. यातील 'टॅप' म्हणजे आपला ताप. पुढे ताप गळाला आणि नुसते 'डूलॅली' हे वेडगळ या अर्थी विशेषण उरले. ते वापरणाऱ्या इंग्रजास त्यात एक गाव दडले आहे याची बहुधा कल्पना नसते. प्रवरेच्या देवळालीचा या वेडाशी काडीचाही संबंध नाही; नाव तेवढे एक.

व्यावर्तक पद नसले की शब्द भलत्याच गावी पोहोचतो. पत्राच्या बाबतीत यात फार तर दोन दिवसांची खोटी होते. परंतु शत्रूच्या ताब्यातील नगरीत गुप्त संदेशवहन करणाऱ्या व्यक्तीस दिलेल्या लेखी सूचनेत असा एखादा उघडा शब्द राहून गेला, तर परिणाम किती दूरवर जाऊ शकतात याचे उदाहरण नूर इनायत खान हिच्या कथेत सापडते. या कथेवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. जीन ओव्हर्टन फुलर यांचे 'मॅडलीन' हे चरित्र १९५२ साली निघाले, एम. आर. डी. फूट यांनी लिहिलेला फ्रान्समधील गुप्त कारवायांचा अधिकृत इतिहास १९६६ साली. संकेतलिपीचे अधिकारी लिओ मार्क्स यांच्या आठवणी १९९८ साली. आणि श्राबणी बसू यांचे 'स्पाय प्रिन्सेस' २००६ साली. यांपैकी फूट यांचा ग्रंथ संघटनेचा इतिहास आहे. त्यात व्यक्तीला जेवढी जागा मिळावी तेवढीच मिळते. उरलेली तीन पुस्तके मात्र व्यक्तीची आहेत, आणि तिन्हींचा ओढा स्वभावचित्रणाकडे आहे. त्या ओढ्यात एक साधी, भाषेची आणि शिस्तीची गोष्ट मागे पडली आहे. तिच्याकडे लक्ष वेधणे एवढाच या विवेचनाचा हेतू होय.

प्रथम ओळखीविषयी. नूरचे वडील इनायत खान हे बडोद्याचे. १८८२ साली त्यांचा जन्म तेथे झाला. त्यांचे मातामह मौलाबक्ष हे गायकवाडांच्या दरबारातील नामांकित गवई. १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास जी गायनशाळा निघाली तिचे ते प्रमुख होते, आणि हिंदुस्थानी संगीतासाठी त्यांनी स्वतंत्र स्वरलेखनपद्धती तयार केली. पलुसकर आणि भातखंडे यांच्या पद्धती महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाल्या. मौलाबक्षांची पद्धती त्यांच्याही आधीची, हे संगीताच्या अभ्यासकांबाहेर फारसे स्मरले जात नाही. इनायत खान सुफी पंथाचे उपदेशक म्हणून युरोप-अमेरिकेत गेले, तेथे एका अमेरिकन तरुणीशी विवाह केला, आणि १ जानेवारी १९१४ रोजी मॉस्को येथे नूर जन्मली. बालपण काही काळ लंडनमध्ये आणि नंतर पॅरिसजवळील स्युरेन येथे गेले. नूर तेरा वर्षांची असताना, १९२७ साली, वडील दिल्लीत निवर्तले. पुढे तिने सोर्बोन येथे बालमानसशास्त्राचा आणि नादिया बूलांझे यांच्याकडे संगीताचा अभ्यास केला, मुलांसाठी गोष्टी लिहिल्या. जातककथांमधील वीस कथा तिने इंग्रजीत सांगितल्या. तो संग्रह १९३९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

मौलाबक्षांची पत्नी टिपू सुलतानाच्या वंशातील होती अशी या घराण्यातील परंपरा आहे. म्हणजे टिपूचे नाते नूरच्या पित्याकडे आले ते त्याच्या आईच्या आईकडून. बसू यांच्या ग्रंथाच्या नावात 'राजकन्या' हा शब्द ठळकपणे बसला आहे तो याच धाग्यावर. ग्रंथकर्त्रीने आत हे नाते नीट उलगडले आहे, तिची चिकाटी आणि सरकारी कागदपत्रांचा धांडोळा वाखाणण्यासारखा आहे. परंतु शीर्षकाचे काम शीर्षक करून जाते. मराठीत राजकन्या म्हणजे राजाची मुलगी. पणजीच्या माहेरच्या आधारावर हे पद कोणास लागत नाही. इंग्रजी शब्दाची व्याप्ती सैल असल्यामुळे तेथे ते खपते. मराठीत त्याचे शब्दशः रूप केले की वाचकाच्या डोळ्यांपुढे महाल आणि मेणे उभे राहतात, आणि गवयाच्या घरातील, वडील गेल्यावर आजारी आईचे व धाकट्या भावंडांचे ओझे उचललेली थोरली मुलगी अदृश्य होते. बडोद्याचा खरा वारसा तिच्या कागदपत्रांत आहे, आणि तो राजेशाहीचा नाही. संस्थानी प्रजेला ब्रिटिश कायद्यात 'ब्रिटिश संरक्षित व्यक्ती' असा दर्जा असे. पूर्ण प्रजाजनाचा नव्हे. हा दर्जा आणि मॉस्कोतील जन्म या दोहोंमुळे विमानदलाच्या स्त्री-साहाय्यक दलात तिला प्रथम प्रवेश नाकारला गेला. तिने लेखी दाद मागितली आणि तो मिळवला.

येथे त्या सेवेचा काळ सुरू होतो, आणि येथेच चरित्रकारांची लेखणी घाईने पुढे सरकते. ब्रिटनचे हे स्त्री-साहाय्यक दल १९३९ च्या जूनमध्ये स्थापन झाले होते. १९४३ साली त्यातील स्त्रियांची संख्या १,८०,००० च्या वर गेली. त्यांनी विमाने चालवली नाहीत. रडारच्या पडद्यावर नजर ठेवणे, येणाऱ्या विमानांच्या खुणा नकाशाच्या मेजावर सरकवणे, हवामानाच्या नोंदी, दूरध्वनी, पॅराशूटच्या घड्या, स्वयंपाक, वाहने आणि बिनतारी संदेश अशी शेकडो कामे त्यांनी केली. १९ नोव्हेंबर १९४० रोजी नूर या दलात द्वितीय श्रेणीची, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीची सैनिक म्हणून दाखल झाली. नाव लिहिले नोरा. बिनतारी यंत्राच्या प्रशिक्षणासाठी निवडल्या गेलेल्या स्त्रियांच्या प्रारंभीच्या तुकडीत ती होती. हॅरोगेट आणि एडिंबरो येथे ती शिकली, आणि १९४१ पासून बाँबफेकी विमानांच्या प्रशिक्षणतळावर संदेशवाहक म्हणून राबली. १९४३ च्या फेब्रुवारीत तिला गुप्त कारवायांच्या संघटनेत घेण्यात आले. म्हणजे या साहाय्यक दलातील प्रत्यक्ष कामाचा काळ सव्वादोन वर्षांचा, आणि पॅरिसमधील मोकळ्या हालचालींचा काळ जेमतेम चार महिन्यांचा. पुस्तकांतील पृष्ठसंख्या याच्या उलट्या प्रमाणात आहे. साहस सांगण्यासारखे असते, कवायत नसते. हे समजण्यासारखे आहे. तथापि साहसातील एका निर्णायक कृतीचे मूळ कवायतीत असेल, तर हे प्रमाण सदोष ठरते.

या काळातील दोन गोष्टी चरित्रांतून वेचून ठेवण्याजोग्या आहेत. पहिली : अधिकारपदासाठी मुलाखत झाली तेव्हा हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याविषयी तिला विचारण्यात आले, आणि युद्ध संपल्यावर आपण देशाच्या बाजूने उभे राहू असे तिने स्पष्ट सांगितले, असे बसू नोंदवतात. साल १९४२. दुसरी गोष्ट किरकोळ वाटेल, पण ती अधिक बोलकी आहे. मॉर्सच्या किल्लीवर प्रत्येक संदेशवाहकाची एक लकब असते. ऐकणारा तीवरून माणूस ओळखतो. इंग्रजीत तिला 'मूठ' म्हणतात. मराठीत या जागी 'हात' हाच शब्द स्वाभाविकपणे येईल. तबल्यावरचा हात, सतारीवरचा हात आपण ओळखतोच, आणि हात बसणे, हात जड असणे हे प्रयोग त्याच अनुभवातले. आता हार्प वाजवणाऱ्या, बडोद्याच्या गवयांच्या कुळातील मुलीचा हात मॉर्सच्या किल्लीवर हलका व लयदार पडत असावा, अशी कल्पना करण्याचा मोह कोणासही होईल. वस्तुस्थिती अशी की तिचा हात चांगलाच जड होता. थंडीने बोटे सुजत, त्यामुळे ती किल्ली आदळते असे सांगत, आणि सहकाऱ्यांनी तिला त्यावरून एक थट्टेचे नावही ठेवले होते. आनुवंशिक संगीताचा सिद्धांत या सुजलेल्या बोटांपाशी संपतो. चरित्रकारांनी ही हकीकत दडवली नाही याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. मात्र तिचा अर्थ त्यांनी लावला नाही. हा हात शिकून, सरावाने, दिवसाच्या आणि रात्रीच्या पाळ्या करून कमावलेला होता.

१६ जून १९४३ च्या रात्री लायसँडर जातीच्या छोट्या विमानाने नूरला फ्रान्समध्ये उतरवण्यात आले. ताब्यातील फ्रान्समध्ये पाठवली गेलेली ती पहिली स्त्री संदेशवाहक. टोपणनाव मॅडलीन. पॅरिसमधील ज्या मोठ्या जाळ्याशी तिचा संबंध यायचा त्याचा प्रमुख २४ जूनला पकडला गेला आणि पाठोपाठ बाकीचे. परत येण्याची संधी देऊ केली असता तिने ती नाकारली. कारण तिच्या मागे त्या भागात लंडनशी बोलणारे दुसरे यंत्र जवळपास उरलेच नव्हते. सुमारे १५ किलोची पेटी घेऊन, जागा बदलत, केसांचे रंग बदलत ती ऑक्टोबरपर्यंत टिकली. मग फितुरीने पकडली गेली. अव्हेन्यू फोशवरील ८४ क्रमांकाच्या इमारतीत तिची चौकशी झाली. तिने तोंड उघडले नाही, दोनदा निसटण्याचा प्रयत्न केला. पण तिच्या मुक्कामाच्या जागी एक वही सापडली. पाठवलेल्या आणि आलेल्या संदेशांच्या नकला तीत व्यवस्थित उतरवून ठेवल्या होत्या.

या वहीचे परिणाम भयंकर झाले. जर्मनांना तिच्या संदेशांची धाटणी कळली; तिच्या नावाने, तिच्याच यंत्रावरून त्यांनी लंडनशी संधान ठेवले आणि लंडन फसले. १९४४ च्या फेब्रुवारीत याच बनावट दुव्यावरून ठरलेल्या जागी शार्त्रजवळ काही माणसे पॅराशूटने उतरली ती थेट शत्रूच्या हातात. त्यांत मॅडलीन दामेरमाँ ही तरुणी होती. १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाउ येथे ज्या चार स्त्रियांना गोळ्या घातल्या गेल्या त्यांत नूर होती आणि ही दामेरमाँही होती. तेव्हा वहीचा प्रश्न हा चरित्रातील एखाद्या कुतूहलाचा प्रश्न नाही. दोष कोणाचा, आणि कोणत्या प्रकारचा, हे त्यात ठरायचे आहे.

चरित्रांत याची जी उत्तरे मिळतात ती बव्हंशी स्वभावाची आहेत. नूर स्वप्नाळू होती, भाबडी होती, व्यवहारात तिचे लक्ष नसे. प्रशिक्षणकाळातील एका वरिष्ठाने तिच्या बुद्धीविषयी तुच्छतेचा शेरा लिहिला होता, त्यावर विभागप्रमुख बकमास्टर यांनी समासात तो उडवून लावला, ही हकीकत प्रत्येक पुस्तकात येते आणि वाचकाला दोन पक्षांत उभे करते. फुलर या नूरच्या लंडनमधील स्नेही होत्या. त्यांच्या पुस्तकात स्नेहाची ऊब आहे, आणि अव्हेन्यू फोशवरील जर्मन दुभाष्याला गाठून त्यांनी मिळवलेली माहिती पुढच्या सर्वांना उपयोगी पडली आहे. परंतु स्नेहीही अखेर स्वभावाचाच साक्षीदार असतो. वहीसंबंधी आणखी एक खुलासा या वाङ्मयात नोंदलेला आहे, तो बहुधा एखाद्या वाक्यात किंवा कंसात उरकला जातो. तो असा की, फ्रान्सला निघताना तिला दिलेल्या लेखी आदेशात संदेशांच्या 'फायलिंग'विषयी अत्यंत दक्ष राहावे अशा आशयाची सूचना होती, आणि त्या शब्दाचा अर्थ तिने वेगळा घेतला असावा.

येथे थांबावयास हवे होते. इंग्रजी 'फाईल' या शब्दाचे मूळ लॅटिनमधील सूतवाचक शब्दात आहे. कागद दोऱ्यात वा तारेत ओवून ठेवीत, त्यावरून ओवलेले कागद, मग ते ठेवण्याचे साधन, मग ठेवण्याची क्रिया. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात पावत्या तारेच्या आकड्यात खोचून ठेवीत, तोच हा प्रकार. परंतु कागद कचेरीच्या तारेत जाण्यासाठी आधी कोणीतरी तो तेथे नेऊन द्यावा लागतो. या 'नेऊन देण्या'वरून दुसरा अर्थ फुटला : सादर करणे. दावा 'फाईल' केला जातो तो या अर्थाने. तारखात्यात आणि वृत्तपत्रव्यवसायात तर हाच अर्थ प्रमुख. बातमीदार बातमी 'फाईल' करतो म्हणजे ती रवाना करतो. तिची नक्कल कपाटात लावून ठेवतो असे नव्हे. आदेश लिहिणाऱ्याच्या मनात हा दुसरा अर्थ होता, म्हणजे संदेश पाठवताना काळजी घ्या. वाचणारीने पहिला घेतला : संदेश नीट जपून, क्रमवार लावून ठेवा.

ही चूक भाबडेपणाची म्हणावी काय? मराठीतील कचेरीची भाषा या बाबतीत उपकारक साक्ष देते. अर्ज 'दाखल करणे' म्हणजे तो सादर करणे. प्रकरण तेथून सुरू होते. पण तोच अर्ज 'दप्तरी दाखल' केला म्हणजे प्रकरण बंद झाले, कागद गठ्ठ्यात गेला. शब्द एकच, दिशा उलट. आणि मधले व्यावर्तक पद 'दप्तरी' हे गाळले तर अर्जदार आनंदाने घरी जाईल. शासनव्यवहाराच्या मराठीने 'नस्ती' आणि 'नस्तीबद्ध करणे' ही पदे रूढ केली ती कृत्रिम म्हणून पुष्कळदा हिणवली जातात. निदान एवढे तरी त्यांच्या बाजूने म्हणता येईल की नस्तीबद्ध केलेला कागद कोणी पाठवलेला समजणार नाही. गमतीचा भाग असा की मराठीतील 'तार' हा शब्दही दोन्हीकडे उभा आहे. कागद ओवतात ती तार, आणि २०१३ पर्यंत टपालकचेरीतून जी केली जात असे तीही तार. यातून व्युत्पत्तीचे काही सिद्ध होत नाही. एवढेच दिसते की ठेवणे आणि धाडणे या क्रिया साधनाच्या ऐक्यामुळे एका शब्दात सहज येऊन बसतात. फ्रेंच भाषेत मात्र त्या वेगळ्या राहिल्या आहेत. कागद सादर करणे याला 'देपोझे' आणि लावून ठेवणे याला 'क्लासे'. नूरचे घर इंग्रजी बोलणारे होते, पण तिचे शिक्षण फ्रेंचमध्ये झाले होते. कार्यालयीन इंग्रजीतील आडवाटेचा अर्थ तिला अंगवळणी पडलेला नसणे संभवनीय आहे.

तरीही भाषेवर सर्व भार टाकणे योग्य होणार नाही. अनेकार्थी शब्दाचा कोणता अर्थ ऐकणारा उचलतो हे शब्दकोश ठरवत नाही. त्याचा पूर्वीचा व्यवहार ठरवतो. आणि या ठिकाणी साहाय्यक दलातील त्या सव्वादोन वर्षांकडे वळणे भाग पडते. लष्करी संदेशगृहात बसणाऱ्याचा पहिला धर्म नोंद ठेवण्याचा असतो. आलेला प्रत्येक संदेश आणि गेलेला प्रत्येक संदेश वेळेसह वहीत उतरला पाहिजे. जे वहीत नाही ते घडलेच नाही. मराठी कचेरीत जावक बारनिशी ठेवणाऱ्या लेखनिकाला हे सांगावे लागणार नाही. विमानदलाच्या तळावर तर संदेश हरवणे म्हणजे कोणाच्या तरी प्राणाशी गाठ. नूरने जे शिकले, ज्यात तिचा हात बसला, ते हे होते. गुप्त संघटनेने तिला घेतले ते याच शिक्षणासाठी, कारण तयार संदेशवाहकांचा तुटवडा होता. आणि त्याच तुटवड्यामुळे तिचे गुप्तकार्याचे प्रशिक्षण पुरे न होताच तिला रवाना करण्यात आले. एका सेवेची शिस्त दुसऱ्या सेवेत अपराध ठरते, हे तिला कोणी पुरेसे शिकवले नाही. उलट हाती दिलेल्या कागदावर एक असा शब्द होता की जो जुन्या शिस्तीला दुजोरा देत होता. पॅरिसमध्ये सापडलेली वही ही स्वप्नाळू मुलीची दैनंदिनी नव्हती. ती विमानदलातील सैनिकाची जावक नोंदवही होती, असे मानल्यास सर्व तपशील सरळ लागतात. अव्यवस्थित माणूस वही ठेवीतच नाही.

हा अर्थ लावल्याने नूर निर्दोष ठरते असे नाही. शत्रूच्या नगरीत कागद बाळगू नये हे सामान्य विवेकानेही कळण्यासारखे होते, असे कोणी म्हणेल, आणि त्यास उत्तर देणे कठीण आहे. फक्त दोषाची जागा बदलते. स्वभावाकडून ती शिक्षणाकडे आणि आदेशलेखनाकडे सरकते, व तेथे एकटी नूर उभी नसते. बनावट संदेश ओळखण्याची जबाबदारी लंडनची होती, हेही विसरता येत नाही.

लिओ मार्क्स यांच्या आठवणींचा विचार येथे ओघानेच येतो. संकेतलिपीचा शेवटचा पाठ देण्यापूर्वी त्यांनी नूरचा जातककथांचा संग्रह मिळवून वाचला, आणि खोटे बोलण्याचा तिला वाटणारा संकोच दूर करण्यासाठी त्या कथांचाच आधार घेतला, असे ते सांगतात. पकडली गेल्यास संकेताची गुरुकिल्ली अठरा अक्षरांची घ्यावी, एरवी त्या लांबीची कधीच घेऊ नये, अशी खूण त्यांनी तिच्याशी ठरवली. आणि पुढे ती खूण खरोखर आली, पण वरिष्ठांनी तिचे महत्त्व मानले नाही. हे प्रकरण या सबंध वाङ्मयातील सर्वांत वाचनीय होय, आणि नेमक्या त्याच कारणाने ते जपून घ्यावे लागते. मार्क्स हे युद्धानंतर चित्रपटकथालेखक झाले; 'पीपिंग टॉम' हा १९६० सालचा चित्रपट त्यांच्या लेखणीचा. आठवणी प्रसिद्ध झाल्या त्या पंचावन्न वर्षांनी. संवाद इतके घोटीव आहेत की ते टिपलेले नसून रचलेले असावेत. मात्र खुणेची योजना ही तांत्रिक बाब आहे. ती रचण्यात लेखकाला काही लाभ नव्हता, आणि ती त्याच्या कामाच्या पद्धतीशी जुळते. म्हणून संवाद बाजूस ठेवून खूण स्वीकारणे हाच मार्ग दिसतो. खूण स्वीकारली की आणखी एक गोष्ट हाती येते. मार्क्स यांच्या बाबतीत नूरला दिलेली सूचना एकार्थी होती. अठरा म्हणजे अठरा. ती तिने अचूक पाळली. ज्या सूचनेत दोन अर्थ होते तेथेच ती चुकली. बुद्धीविषयीच्या त्या शेऱ्याला यापरते उत्तर बकमास्टरांच्या समासातही नाही.

जातकसंग्रहाचेही असेच. मार्क्स आणि नंतरचे लेखक त्याकडे तिच्या अंतःकरणाची चावी म्हणून पाहतात. आपल्या अंगाचा पूल करून कळपाला पलीकडे नेणाऱ्या वानरराजाची कथा त्यात आहे. महाकपिजातकाचे चित्र अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात असल्यामुळे आणि दुर्गा भागवतांच्या 'सिद्धार्थ जातका'मुळे मराठी वाचकास ती परिचित आहे. पुढचा मृत्यू माहीत असलेल्या वाचकाला ही कथा भाकितासारखी वाटते. पण संग्रह निघाला तेव्हा नूर पंचवीस वर्षांची बालकथालेखिका होती, आणि वीसही कथांत बलिदान नाही. एखाद्या लेखिकेच्या पुस्तकातून तिचे मरण शोधून काढणे ही टीका नव्हे. तो ज्योतिषाचा प्रकार झाला. संग्रहाचा गुण त्याच्या साध्या, तोंडी सांगितल्यासारख्या वाक्यांत आहे, आणि तो लहान मुलांना आजही वाचून दाखवता येतो.

'साहाय्यक' या शब्दाविषयी थोडे. १९४२ साली हिंदुस्थानातही स्त्रियांचे साहाय्यक दल उभारले गेले. त्यातील स्त्रिया भूदल, विमानदल आणि नौदल या तिन्हींसाठी काम करीत, आणि १९४७ साली ते विसर्जित झाले. दोन्ही देशांतील दलांच्या नावात हे विशेषण आहे आणि दोन्हीकडे त्याचा ध्वनी दुय्यमतेचा आहे. व्याकरणात या शब्दाचा अनुभव वेगळा आहे. 'ती संदेश पाठवत आहे' या वाक्यात 'आहे' हे साहाय्यक क्रियापद. काळ आणि पुरुष यांचा भार तेच वाहते. ते काढले तर 'पाठवत' या रूपाला ना काळ उरतो ना कर्ता. मराठी वैयाकरणांनी साहाय्यक म्हणून कोणत्याही क्रियापदाला हलके लेखलेले नाही. चरित्रकारांनी दलाला लेखले, एवढेच.

नूरला १९४९ साली मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. त्या घोषणेत तिचा उल्लेख आहे तो विमानदलाच्या स्त्री-साहाय्यक दलातील कनिष्ठ अधिकारी म्हणून. राजकन्या म्हणून नाही आणि हेर म्हणूनही नाही. लंडनच्या गॉर्डन स्क्वेअरमध्ये २०१२ साली तिचा अर्धपुतळा उभारला गेला.

तिच्या चरित्राचा मराठी अनुवाद करणाऱ्यापुढे तो आदेश येईल तेव्हा एक अडचण उभी राहील. 'संदेश पाठवताना दक्षता घ्यावी' असे लिहिले तर लिहिणाऱ्याचा हेतू बरोबर उतरतो, पण मग वही का ठेवली हे वाचकास कळत नाही आणि नूर वेडगळ ठरते. 'संदेश नीट लावून ठेवावेत' असे लिहिले तर नूर आज्ञाधारक ठरते आणि आदेश देणारा वेडगळ. 'संदेश दाखल करताना' हा पर्याय सर्वांत जवळचा. त्यात दोन्ही दिशा शिल्लक राहतात, जरी वाक्य किंचित अडखळते. ते अडखळू द्यावे. फार तर तळटीप द्यावी, आणि 'फायलिंग' हा मूळ शब्द देवनागरीत तसाच शेजारी ठेवावा.